नावं वाचायच्या वेळी ढोल

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. गावातही पहिलाच. हे मी मिरवायला सांगत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, मी मिरवायचो. कर्जतच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हा बाजारातले लोक मला 'बी.ए. मास्तर' म्हणायचे आणि मी ती हाक ऐकून सावकाश मागे वळायचो, म्हणजे आणखी चार जणांना ऐकू जावी. शिकलेल्या माणसाला सगळं जमतं अशी आमच्याकडे समजूत होती. थोडीफार माझीही होती. सत्तेचाळीस सालच्या फेब्रुवारीत ती गेली.

त्या वेळी कर्जतच्या पेठेत एक गोऱ्या कातडीचे डॉक्टर होते. मूळचे चेकोस्लोव्हाकियातले, प्राग शहरचे. जर्मन त्यांच्या शहरात शिरले त्या साली ते बोटीनं मुंबईला आले, तिथं बस्तान बसलं नाही, म्हणून घाटाच्या पायथ्याशी आले. हिवतापाचा मुलूख तो. डॉक्टरला काम कमी पडण्याची भीती नव्हती. पावसाळ्यात नद्या भरलेल्या असल्या तरी हा माणूस पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळून घाटाखालच्या कोंडाणे गावापर्यंत क्विनाइन घेऊन जायचा. मराठी ते रोग्यांकडूनच शिकले, त्यामुळे त्यांची मराठी आमच्या गावचीच होती. "काय झालाय रं? जेवलास का नाय?" असं त्या गोऱ्या तोंडातून ऐकलं की नवा रोगी ताप विसरून बघत बसायचा. मी मात्र शुद्ध बोलायचो. दोघं मिळून चाललो की लोक हसायचे, की मास्तर पुस्तकातलं बोलतोय आन डाक्टर आपलं.

ते ज्यू होते. आमच्या कुलाबा जिल्ह्यात शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली पूर्वीपासून आहेत, शनिवार तेली म्हणतात त्यांना. त्यांचा आणि डॉक्टरांचा धर्म एकच, एवढं कळल्यावर लोकांचं समाधान झालं. तेल्यांचा गोरा पाव्हणा, एवढीच त्यांची ओळख, आणि ती पुरेशी होती.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसायचो. मला इंग्रजी बोलायला माणूस हवा होता, त्यांनाही. तर त्या फेब्रुवारीत एका दुपारी त्यांनी मला पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. म्हणाले, "मास्तर, मला रेडिओ पाहिजे. आठवडाभर. रोज संध्याकाळी."

मी कारण विचारलं. आइस हॉकीची जागतिक स्पर्धा, म्हणाले. लढाईमुळे बंद पडली होती, ती आता पुन्हा सुरू होतेय, आणि यंदा ती त्यांच्याच शहरात आहे. मला वाटलं हौस असेल. मग त्यांनी सांगितलं.

त्यांचा एक धाकटा भाऊ होता. बर्फावरच्या हॉकीत गोलरक्षक. डॉक्टर देश सोडून निघाले तेव्हा तो स्टेशनवर सोडायला आला होता आणि रडू येऊ नये म्हणून चेष्टा करत होता. गाडी हलल्यावर बरोबर धावत म्हणाला, "लढाई संपली की पहिली स्पर्धा आपल्या गावात होईल. गोलात मी असेन. तू जिथं असशील तिथं ऐक!"

आईवडिलांचं काय झालं ते त्यांना कळलं होतं. ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि पुढे गेले. भावाचं मात्र काहीच कळलं नव्हतं. मेलेल्यांत नाव नाही, जिवंतांत नाही. जिथं जिथं विचारायचं तिथं विचारून झालं होतं. आता ही एक स्पर्धा राहिली होती.

"असेल तर तिथंच असेल," ते म्हणाले. "जिवंत असलेला माझा भाऊ घरात बसून राहणार नाही."

आणि मग म्हणाले, "हे गावात कुणाला सांगायचं नाही. आजारी माणूस माझ्याकडे येतो तो स्वतःचं सांगायला. माझी कीव करत आपलं दुखणं लपवायला लागला तर मी औषध कशाचं देऊ?"

मी शब्द दिला.

दूरचं केंद्र पकडणारा रेडिओ कर्जतमध्ये एकाच ठिकाणी होता, भाताच्या गिरणीच्या शेठकडे. आता बघा, खोपोलीला वीज होत होती, आणि ती आमच्या डोक्यावरच्या तारांमधून थेट मुंबईला जात होती. आमच्या गावांत कंदील. शेठचा रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालायचा आणि बॅटरी गिरणीच्या इंजिनावर भरून घ्यायचे. अडचण अशी की इंजिन सुरू असलं की रेडिओत नुसती खरखर. म्हणजे ऐकायचं तर गिरणी बंद ठेवायला हवी, आणि फेब्रुवारीत झोडणी उरकून सगळा मुलूख भात भरडायला गिरणीवर आलेला. शेठ डॉक्टरांच्या औषधानं उठलेला माणूस, म्हणून कबूल झाला. "पर मास्तर, गाड्या लायनीत उभ्या हायत. लोकांना काय सांगायचं ते तुमी सांगा."

सामने तिकडे रात्री व्हायचे, त्या वेळी इकडे झोपाझोप झालेली असायची. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला डॉक्टरांच्या देशाचं केंद्र परदेशात पांगलेल्या आपल्या माणसांसाठी आदल्या रात्रीची हकीकत सांगायचं. तेवढीच ऐकायची. पहिल्या संध्याकाळी इंजिन थांबलं आणि पोत्यांवर बसलेल्या माणसांनी माना वळवल्या.

"काय झाला? पट्टा तुटला काय?"

मी सांगितलं की डॉक्टरांच्या देशाचा खेळ आहे, बर्फावरची हॉकी, जरा वेळ थांबा.

"बर्फावर?" एक म्हातारा म्हणाला. "येवढा बर्फ आणतात कुठून? नेरळला माथेरानच्या हाटेलांसाठी भुशात घालून येतो, तो चढावर निम्मा वितळतो."

"तिकडे जमिनीवरच असतो," मी म्हणालो.

"मग पाय नाय घसरत?"

"घसरण्यासाठीच पायात लोखंडी पाती बांधतात."

"म्हंजी चिखलणीच्या दिवशी आमी शेतात पडतो तसा. त्याची इस्पर्धा घ्या म्हणावं, आमच्या सूनबाईला कप मिळंल!"

सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते रेडिओच्या कापडाला कान लावून बसले होते. बाहेर चिंचेच्या झाडाला बांधलेली तार वाऱ्यानं हलली की आवाज जायचा, पुन्हा यायचा. भाषा त्यांचीच, आमच्यापैकी कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. आम्ही सगळे रेडिओ ऐकत नव्हतो, डॉक्टरांचं तोंड बघत होतो.

थोड्या वेळानं ते मागे टेकले. "जितले," ते लोकांना म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत, अगदी हळू: "गोलात दुसराच कोणी आहे."

मी म्हणालो, "राखीव असेल."

"हो. राखीव असेल."

रोज तेच. त्यांचा संघ जिंकत होता, आणि जिंकणाऱ्यांची, गोल करणाऱ्यांची नावं तेवढी ऐकू येत होती. राखीव गोलरक्षकाचं नाव कोण कशाला घेईल? डॉक्टर लोकांना "जितले" म्हणायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे. ती हललेली मान मला घरी जेवताना दिसायची. मी त्यांना सोबत करत होतो, दुसरं काही करता येत नव्हतं. बी.ए.ला आम्हाला बरंच शिकवलं होतं. सातासमुद्रापलीकडच्या माणसाचं नाव निवेदकाच्या तोंडून कसं काढायचं, ते नव्हतं.

मग एके दिवशी निवेदकानं सांगितलं की आपला संघ विजेता ठरला तर संघातल्या प्रत्येकाचं नाव वाचून दाखवू, राखीव खेळाडूंसकट. डॉक्टरांनी माझा हात धरला तो दुखेपर्यंत सोडला नाही. आता सगळं जिंकण्यावर आलं. जिंकले तर नाव, नाहीतर कायमचं काहीच नाही.

इकडे गिरणीवरून गाड्या गावोगाव परत जात होत्या आणि तांदळाबरोबर बातमीही जात होती. डॉक्टरांचा जीव त्या खेळात अडकलाय, तोंड बघवत नाही, वगैरे. रविवारी मी घरी गेलो तर वडील ओटीवर सुंभ वळत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गावानं कौल लावला."

"कसला?"

"डाक्टरांची बाजू जितंल का नाय, त्याचा. उजवी कळी पडली."

आमच्या गावदेवीला कौल लावतात तो असा: गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पेरणी, सोयरीक, हरवलेली गाय, सगळं विचारतात. बर्फावरची हॉकी तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारली असेल.

"बाबा, हा खेळ आहे. त्यात देवीला कशाला..."

"तू गप रं. तुला हिव भरला तवा नदी वलांडून कोण आला व्हता? तुजा कालेज आला व्हता?"

मी चपला काढून ओटीवर बसलो. "आन नवसपन बोललाय," वडील म्हणाले. "जितले की त्याच जाग्यावर नारळ फोडायचा आन वाजवायचा. बातमी कानावर पडल्या पडल्या. उशीर करायचा नाय."

त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. शिमगा जवळ आला होता, ढोल खाली काढून तापवून ठेवलेलेच होते.

पुढच्या संध्याकाळी डॉक्टरांचा संघ स्वीडनकडून हरला. डॉक्टर "हारले" एवढंच म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले. पोत्यांवर बसलेली माणसं भात घेऊन आलेल्या आमच्या गुरवावर घसरली.

"उजवी पडली व्हती ना रं? का फुंकर मारलीस?"

"मी का फुंकर मारू? देवीनं सांगितला जितंल, म्हंजी जितंल."

"हारला की आत्ताच!"

"कवा जितंल ते इचारला व्हता का तुमी?"

मी डॉक्टरांच्या मागे गेलो नाही.

शेवटच्या संध्याकाळी ते येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आले. दाढी केलेली, कोट घातलेला. स्वीडननं शेवटचा सामना जिंकला असेल तर ते विजेते, हे डॉक्टरांनी मला वाटेत समजावलं. ऑस्ट्रियानं त्यांना अडवलं असेल, तरच आशा. "ऑस्ट्रिया काही अडवणार नाही," ते म्हणाले. आपला शेवटचा सामना जिंकण्यापलीकडे आपला संघ काही करू शकत नव्हता. दुसऱ्या दोघांच्या सामन्याकडे बघत बसायचं, एवढंच त्याच्या हातात होतं.

गिरणीच्या अंगणात आमच्या गावची गाडी उभी होती. गुरव, वडील, ढोलवाले, ताशावाला, नारळ. मी गुरवाला बाजूला घेतलं.

"हे बघा, बातमी आली तरी लगेच वाजवू नका. पुढचंही ऐकायचंय."

"पुढचा काय? जितला म्हंजी जितला."

"तरी थांबा. मी सांगेन तेव्हा वाजवा."

"मास्तर, नवस तुमाला बोललो नाय, देवीला बोललोय. कानावर पडल्या पडल्या, असा बोललोय. आता तुमी सांगता म्हून मोडू?"

भावाचं सांगितलं असतं तर तो थांबला असता. पण शब्द दिला होता, आणि डॉक्टर दहा हातांवर बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, नाही.

इंजिन थांबलं. आमच्या गावचे सगळे ढोल-ताशे घेऊन आत आले. खरखर, मग आवाज स्वच्छ झाला. इतका स्वच्छ आठवडाभरात झाला नव्हता. डॉक्टर ऐकत होते. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, निवेदकाचे शब्द ते परत म्हणत असावेत. एकदम ते उभे राहिले. "ऑस्ट्रिया!" ते मला म्हणाले, इंग्रजीत, "ऑस्ट्रियानं स्वीडनला हरवलं!" मग पुन्हा ऐकलं. आपला शेवटचा सामनाही जिंकलेला. विजेते तेच.

"जितले!" शेठ ओरडला.

नारळ फुटला आणि ढोल सुरू झाला.

ज्यांनी आमच्या भागातला शिमग्याचा ढोल जवळून ऐकला असेल त्यांना मी काही सांगायला नको. छातीच्या आत वाजतो तो. पत्र्याच्या गिरणीत तर दुप्पट. रेडिओचा दिवा पेटलेला दिसत होता, आवाज मात्र पार बुडाला. डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले. थांबा, म्हणून. ते ओरडत होते, पण त्या घटकेला त्यांची मराठी त्यांना सोडून गेली; ते स्वतःच्या भाषेत ओरडत होते. आणि दोन्ही हात वर करून ओरडणारा माणूस आमच्याकडे शिमग्यात एकच गोष्ट करत असतो.

"डाक्टर नाचतायत रं! डाक्टर नाचतायत!"

सगळ्यांनी हात वर केले. मी "थांबा, थांबा" म्हणत ताशावाल्याच्या हातातली काडी धरायला गेलो, तर त्यानं आनंदानं दुसरी काडी माझ्या हातात दिली. मागे वळून बघतो तर डॉक्टरांना दोघांनी खांद्यावर घेतलेलं. ते रेडिओकडे हात करत होते; लोक त्यांना अंगणात, आमच्या गावच्या गाडीकडे नेत होते. वडील पुढे गुलाल उधळत होते. माझ्या वडिलांना मी आयुष्यात इतकं खूश दोनदाच पाहिलं, आधीची वेळ माझ्या पदवीची.

मी रेडिओपाशी गुडघे टेकले, कान कापडाला लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं. आत कुणीतरी वाचत होतं. एकेक शब्द, मध्ये थांबून. ती नावंच असणार. डॉक्टरांचं आडनाव मला माहीत होतं. मी त्या आडनावाची वाट बघत होतो आणि ढोल मला एका शब्दाचं शेपूट द्यायचा, दुसऱ्याचं डोकं. मग वाचणं संपलं आणि बँड लागला.

डॉक्टरांना त्यांनी सोडलं तेव्हा कपाळावर गुलाल, हातात खोबऱ्याचा तुकडा. गुरव त्यांच्यासमोर हात जोडून म्हणाला, "डाक्टर, देवी आज राजी हाय. अजून काय इचारायचा असल तर सांगा. आत्ता जाऊन लावतो कौल."

डॉक्टरांची मराठी परत आली होती. "नको," ते म्हणाले. "देवीला तरास नको. लय केलात तुमी." आणि त्यांनी ते खोबरं सगळ्यांसमोर खाल्लं, नीट चावून.

मग माझ्याकडे आले. इंग्रजीत विचारलं, "ऐकलंत?"

त्या क्षणी खोटं बोलणं अगदी सोपं होतं. हो म्हटलं असतं तर तो माणूस तिथंच बसून रडला असता, आणि ते रडणं चांगलं असतं. पण उद्या ते खरं निघालं नाही तर? मी जे होतं ते सांगितलं. म्हणालो, "नावं वाचत होते. एकदा तुमच्या आडनावासारखं काहीतरी आलं असं वाटलं. पण मला ते यावंसं वाटत होतं, म्हणूनही तसं वाटलं असेल. मी शपथेवर सांगू शकत नाही."

त्यांनी खिशातून रुमाल काढून गुलाल पुसला. सगळा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जायच्या आधी दवाखान्यात गेलो. रात्री मला झोप लागली नव्हती आणि पहाटे एक साधी गोष्ट सुचली होती, त्यामुळे जवळजवळ पळतच गेलो. बाकावर रोगी बसले होते. मी इंग्रजीत म्हणालो, "डॉक्टर, आपण प्रागला विचारू. हॉकीवाल्यांना. विजेत्या संघाची नावं म्हणजे काही गुपित नाही. मी आजच पत्राचा मजकूर करतो, महिना-दोन महिन्यांत उत्तर येईल."

ते एका बाईच्या हाताची नाडी बघत होते. त्यांनी ठोके मोजून पूर्ण केले.

"नको," ते म्हणाले.

"पण का? एवढं सोपं आहे."

"आठ वर्षं मी विचारतोय, मास्तर. प्रत्येक ठिकाणाहून उत्तर आलं. प्रत्येक उत्तरानंतर एक दार कमी झालं." त्यांनी बाईचा हात खाली ठेवला, पुडी बांधली, तिला तिच्या बोलीत सांगितलं की दोन वेळा घे, कोऱ्या चहाबरोबर नको. ती उठली आणि तिच्या खुर्चीवर मी बसलो. मग ते मला म्हणाले, "काल रात्री मी हिशेब केला. राहिलं आहे ते हे एकच. ते तुम्ही उघडायला सांगताय."

मी वाद घालायला तोंड उघडलं. मला मुद्दे पुष्कळ होते, आणि ते सगळे बरोबर होते.

"पुढचा कोन रं?" डॉक्टरांनी बाहेर हाक मारली. "ये. बस."

दारात एक म्हातारा काठी टेकत उभा होता, आणि दवाखान्यातल्या दुसऱ्या खुर्चीवर मी बसलो होतो. मी उठलो.